फक्त जर्मनीचा व्हिसा

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या मराठी मंडळींत कुणाला ताप आला की डॉक्टर आठवायचा आणि व्हिसाचं काही अडलं की नंदिनी. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत परदेशातून येणाऱ्या माणसांची कागदपत्रं बघायची. आउसलेंडरबेहोर्डे नावाच्या ज्या सरकारी कार्यालयात भल्याभल्यांना घाम फुटतो, तिथल्या बायका हिला नावाने हाक मारायच्या. कुणाच्या सासूचा व्हिसा असो की कुणाच्या बायकोचं परमिट, सगळे एकमेकांना एकच सांगायचे, नंदिनीला विचार. ती म्हणेल तो शेवटचा शब्द.

अशा बाईने व्हिसाच्याच बाबतीत खोटं बोलावं म्हणजे कमाल झाली. पण ती बोलली, आणि तेही स्वतःच्या सासूशी.

आता कुणाला वाटेल की सासू खाष्ट असणार. छे! मनोरमाबाई म्हणजे सांगलीच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फळ्यावर इटलीचा बूट खडू न उचलता एका ओढीत काढायच्या, ही त्यांची शाळेतली ख्याती. ऑक्टोबरात लेकाकडे आल्या तशा स्वयंपाकघराला हात लावायच्या तो विचारून आणि टीव्हीचा आवाज वाढवायच्या तोही विचारून. तक्रारीला जागाच नव्हती, आणि नंदिनीची खरी पंचाईत हीच होती. चांगल्या माणसाचा कंटाळा आला तर तो सांगणार कुणाला?

कंटाळा आला होता हे मात्र खरं. नोव्हेंबरात सगळे ब्लॅक फॉरेस्टला गेले तेव्हा नवरा हृषिकेश लेकीला, अन्वीला, घेऊन पुढे आणि नंदिनी आईंना घेऊन मागे. बाथरूम कुठे आहे, ह्या केकमध्ये अंडं आहे का, पुढे अजून किती चढ आहे. आई एकदाही कुरकुरल्या नाहीत. उलट दर थोड्या वेळाने म्हणायच्या, "माझ्यामुळे तुझा खोळंबा होतोय गं." आणि नंदिनी दर वेळी म्हणायची, "नाही हो आई." तो दिवस नुसता "नाही हो आई" म्हणण्यात संपला.

म्हणून नाताळच्या सुट्टीत मंडळींतल्याच यशोधनने सगळ्यांसाठी इटलीची बस ठरवली, फ्लॉरेन्स, सिएना, व्हेरोना, तेव्हा नंदिनीच्या मनात एकच आलं. ही एक ट्रिप आपली.

आईंनी विचारलं ते मेथी निवडता निवडता. "मी पण येऊ का गं? फ्लॉरेन्स बघायचं होतं. तो घुमट मी किती वर्षं शिकवला, पण पुस्तकातल्या चित्रात तो चण्याएवढा दिसायचा."

"आई, तुमचा व्हिसा फक्त जर्मनीचा आहे हो," नंदिनी म्हणाली.

ठरवून नव्हती बोलली. तोंडून निघून गेलं, आणि निघालं ते तिच्या ऑफिसच्या आवाजात, ज्या आवाजापुढे कुणी वाद घालत नाही. आईंचा हात मेथीवर थांबला. "असं होय," त्या म्हणाल्या. "मग राहू दे. तुमच्या नोकऱ्यांना काही व्हायला नको." आणि पुन्हा पानं खुडायला लागल्या.

वास्तविक आईंच्या पासपोर्टावरच्या त्याच व्हिसावर इटलीच काय, निम्मा युरोप फिरता आला असता. हे नंदिनीइतकं कुणाला ठाऊक होतं?

एकदा थाप मारली की तिला टेकू लावावे लागतात. हृषिकेशला ती म्हणाली, "आईंना थंडी झेपणार नाही म्हणतायत." त्याने "बरं" म्हणून लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. यशोधनच्या बायकोने, स्वरूपाने, विचारलं तेव्हा सांगितलं, "गुडघे गं." तीन माणसांना तीन कारणं, आणि तिन्ही चालून गेली. आई लेकाशी हा विषय काढणार नाहीत, त्याला वाईट वाटेल म्हणून. लेक आईशी काढणार नाही, त्याला सोयीचं पडतंय म्हणून. दोघांनाही ती पुरती ओळखून होती, आणि नंतर तिला जास्त लाज वाटली ती ह्या ओळखण्याची.

निघायच्या आदल्या दिवशी आईंनी अख्ख्या बसला पुरतील एवढ्या गुळाच्या दशम्या केल्या. "प्रवासात तुमच्या त्या थंडगार ब्रोटपेक्षा, पावापेक्षा, बऱ्या," म्हणाल्या. नंदिनीने मदतीला हात पुढे केला तर तिला हाकलून दिलं. "तू बॅग भर. मला दुसरं काम काय आहे?"

सकाळी बसपाशी सगळे जमले. यशोधनचे वडील, पद्माकरकाका, मात्र दिसेनात. नाशिकचे हे काका लेकाकडे आले होते आणि नव्या वर्षात लगेच परत जाणार होते. इटलीसाठी त्यांनी नवे बूट घेतले होते, आणि ते पायाला बसावेत म्हणून रोज दुपारी मनोरमाबाईंबरोबर बागेत चकरा मारायचे.

"येत नाहीत," स्वरूपा वैतागून म्हणाली. "काल अचानक, पोट बिघडलंय म्हणे. लहान मुलासारखा हट्ट! किती समजावलं, चला, औषध देते, बसमध्ये झोपा. नाही म्हणजे नाही."

"म्हातारी माणसं," नंदिनी म्हणाली आणि खिडकीची जागा पकडून बसली. खरं सांगायचं तर तिला तेव्हा मोकळं मोकळं वाटत होतं.

स्वित्झर्लंडमधल्या गॉटहार्ड बोगद्याच्या अलीकडे बस थांबली. बाहेर बर्फ होतं. दशम्यांचा डबा उघडला तसा बसमध्ये तुपाचा वास पसरला, आणि ज्याला त्याला आपापली आई आठवली. "कुणी केल्या? काकूंनी? आणि त्यांनाच घरी ठेवून आलात?" कुणीतरी हसत विचारलं. गंमतच होती ती, पण नंदिनीने हातातली दशमी परत डब्यात ठेवली.

अन्वीने तेवढ्यात जर्मनमध्ये विचारलं, "वारूम इस्ट आजी निश्त दाबाय?" आजी का नाही आपल्याबरोबर? मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तरं आणि प्रश्न जर्मनमध्येच.

"आजीला थंडी वाजते ना," हृषिकेश म्हणाला.

"आजी म्हणाली तिला पोलीस जाऊ देणार नाहीत," अन्वी जर्मनमध्येच म्हणाली.

हृषिकेश हसला. "काहीही सांगते आजी." आणि त्याने दुसरी दशमी घेतली. नंदिनीने डब्याचं झाकण लावलं. अजून तिघाचौघांना हव्या होत्या, पण तिने लावलं.

फ्लॉरेन्सला हवा कोरडी आणि बोचरी होती. गल्लीतून वळलं की एकदम तो घुमट समोर येतो, विटकरी रंगाचा, आकाश अडवून बसलेला. सगळे "वाव" म्हणून फोटोला लागले. नंदिनीला चणा आठवला. तिने न राहवून घरी व्हिडिओ कॉल लावला. थोडं दाखवलं की आपल्यालाच जरा हलकं वाटेल, असा तिचा हिशोब.

फोनवर आई दिसल्या आणि त्यांच्या खांद्यामागे पद्माकरकाका, हातात चहाचा कप. म्हणजे पोट ठणठणीत होतं.

"पद्माकररावांनाही बघू दे हं," आई म्हणाल्या. दोघांनी त्या एवढ्याशा फोनमध्ये डोकी खुपसली. "जरा वर धर. अजून वर. बघा पद्माकरराव, हा एवढा घुमट त्या काळी खालून लाकडाचा आधार न देता बांधलाय. माझ्या मुलींना मी हे सांगायचे तेव्हा त्यांना पटायचं नाही."

"आता मला पटतंय," काका म्हणाले. "ते वरती बारीक बारीक दिसतंय, ती माणसं का?"

"हो काका, वर चढता येतं. पायऱ्या आहेत."

"अरे वा," काका म्हणाले, आणि बघतच राहिले. नंदिनीचा हात भरून आला तरी ते बघत होते.

मग आई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "स्वरूपाला बोलू नकोस हं. त्यांचं पोटबिट काही बिघडलेलं नाही. मीच त्यांना सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"हेच, व्हिसाचं. तू म्हणालीस ना, फक्त जर्मनीचा. त्यांचाही तस्साच आहे, मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. यशोधनला माहीत नसणार बिचाऱ्याला. त्याचं ते नागरिकत्वाचं चाललंय आणि हे बसमध्ये पकडले गेले तर केवढ्याला पडेल? म्हटलं, नंदिनीच म्हणाली आहे, तिचं खातंच ते. मग त्यांनी पोटाचं निमित्त केलं. मुलाला खरं सांगितलं तर तो ऐकणार नाही, धोका पत्करून नेईल म्हणाले." आणि किंचित अभिमानाने, "बरं झालं ना मी वेळेवर सांगितलं?"

नंदिनी काय बोलली ते तिचं तिलाच आठवत नाही. "हो आई" म्हणाली असावी. लोक तिच्या अंगावरून पुढे जात होते, आणि ती फोन छातीशी धरून त्या घुमटाखाली उभी राहिली. आपण एका म्हाताऱ्या बाईला घरी ठेवलं, एवढंच पाप ती आजवर धरून चालली होती. त्यावरसुद्धा तिने मनाची समजूत घातली होती, की आईंना पुढच्या वेळी नेऊ. काकांना पुढची वेळ नव्हती. आणि त्यांना अडवलं गेलं होतं ते आईंच्या हातून.

अजून वेळ गेलेली नव्हती, हे सर्वांत वाईट. संध्याकाळी हॉटेलात यशोधन म्हणाला, "आपली मैत्रीण क्षितिजा रेगेन्सबर्गहून निघतेय, म्युनिकहून थेट ट्रेनने व्हेरोनाला येईल. तिथले दोन दिवस आपल्याबरोबर."

नंदिनीने कान टवकारले. वाल्डॉर्फजवळून गाडी म्युनिकला जाते. तिथे क्षितिजा आई आणि काका दोघांना हाताला धरून ट्रेनमध्ये बसवेल. फ्लॉरेन्स गेलं, पण व्हेरोना तरी होईल. सगळं जमत होतं. फक्त उठून म्हणायचं होतं, की मी खोटं बोलले.

स्वरूपासमोर म्हणायचं होतं, जी तिला प्रत्येक व्हिसाचं विचारते. यशोधनसमोर, ज्याचा आइनब्यूर्गेरुंगचा, म्हणजे नागरिकत्वाचा, अर्ज तिनेच तपासून दिला होता. हृषीसमोर. तिने ठरवलं, जेवण झालं की सांगू. जेवणानंतर गाणी सुरू झाली, तेव्हा ठरवलं, सकाळी. सकाळी बस सिएनाला निघाली, सगळे झोपलेले. सिएनाच्या त्या उतरत्या चौकात हृषिकेश तिच्यासाठी गरम चॉकलेट घेऊन आला आणि म्हणाला, "किती दिवसांनी आपण असे निवांत भेटतोय ना?" आता ह्या माणसाला ह्या घडीला कसं सांगायचं? तिने कप घेतला. सांगायला योग्य वेळ शोधणारा माणूस मुळात सांगणारच नसतो, हे तिला कळत होतं. तरी ती वेळच शोधत राहिली.

व्हेरोनाच्या स्टेशनवर क्षितिजा एकटी उतरली. "गाडी निम्मी रिकामी होती," म्हणाली. "माझे आईबाबा भारतातून इथे आलेले असते तर त्यांना घेऊनच आले असते."

त्यानंतर नंदिनीने काय पाहिलं ते विचारू नका. फोटोंत ती आहे. हसते आहे.

परतीच्या वाटेवर जर्मनीच्या सीमेवर पोलीस बसमध्ये चढले. तरुण पोरगा होता. पासपोर्ट उघडायचा, चेहऱ्याकडे बघायचा, परत द्यायचा. भारतातून पाहुणी आलेली एक मुलगी होती बसमध्ये, आईंच्यासारखाच व्हिसा. त्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, "गुटे राइझे" म्हणाला, प्रवास सुखाचा होवो, आणि पुढे गेला. नंदिनीने मान खिडकीकडे वळवली.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. आईंनी खिचडी तयार ठेवली होती. हृषिकेश बॅगा वर आणत होता. अन्वी आजीच्या कमरेला मिठी मारून जर्मनमध्ये भराभरा सांगत होती, पोलीस आले होते, खरे पोलीस, बंदूक होती. आईंना जर्मन येत नव्हतं, पण पोलीस हा शब्द सगळीकडे सारखाच.

"पोलीस चढले होते का गं?" त्यांनी नंदिनीला विचारलं.

"हो आई."

"बघ!" आईंचा चेहरा फुलला. "मी म्हणत होते ना! पद्माकरराव असते म्हणजे काय झालं असतं? मला रोज रुखरुख लागायची, उगाच त्या माणसाला अडवलं का म्हणून. सुटले बाई."

त्या पातेल्यावरचं झाकण काढत होत्या. इतका निर्मळ आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नंदिनीने आल्यापासून पाहिला नव्हता.

"आई, काही झालं नसतं. व्हिसा चालतो. काकांचा चालतो, तुमचाही चालतो. मी खोटं बोलले."

झाकण आईंच्या हातातच राहिलं. हृषिकेश दारात बॅग घेऊन उभा होता.

"म्हणजे?" तो म्हणाला. "तू तर मला म्हणालीस, आईला थंडी..."

"तेही खोटं."

तो काहीतरी चढ्या आवाजात बोलणार होता. आईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तू तरी मला कुठे विचारलंस?" त्या म्हणाल्या. त्याने बॅग खाली ठेवली.

नंदिनी वाट पाहत होती, रडण्याची, ओरडण्याची, कशाचीही. आईंनी झाकण परत पातेल्यावर ठेवलं, काचेची शेगडी बंद केली आणि खुंटीवरचा कोट काढला.

"कुठे निघालात?"

"पद्माकररावांकडे. मी त्यांना चुकीचं सांगितलंय." त्यांना कोटाचं बटण लागेना. "इतकी वर्षं शिकवलं. ठाऊक नसेल तर उद्या बघून सांगते म्हणायचे, पण चुकीचं कधी सांगितलं नाही. त्यांना अजून वाटत असेल की आपण मुलाला वाचवलं. निदान जाण्याआधी कळलं पाहिजे त्यांना."

"मी येते," नंदिनी म्हणाली. आईंनी बाहेर पडताना दार ओढून घेतलं नाही.

यशोधनचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दार स्वरूपाने उघडलं. आत काकांची बॅग भरून होत होती आणि दाराशी ते नवे बूट, पुसून, जोडीने ठेवलेले. आई उंबऱ्यातच उभ्या राहून बोलायला लागल्या.

"पद्माकरराव, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. व्हिसा चालत होता. तुम्ही जाऊ शकला असतात. माझी समजण्यात चूक झाली, मला माफ करा."

नंदिनीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"कुठला व्हिसा?" यशोधनने विचारलं, आणि एकेक करत सगळं बाहेर आलं. "बाबा! तुम्ही माझ्या आइनब्यूर्गेरुंगसाठी घरी राहिलात? अहो, एकदा मला विचारायचं तरी!"

स्वरूपा आईंकडे वळली. तिचा राग खरा होता. "काकू, आपल्याला नक्की माहीत नसताना कशाला सांगायचं हो कुणाला? ते परत कधी येणार आहेत? सगळी ट्रिप मी त्यांच्यावर चिडून काढली."

मनोरमाबाई मान खाली घालून उभ्या होत्या, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारख्या. स्वतःच्या बचावाचा एक शब्द त्यांच्याकडे होता, आणि तो त्या वापरत नव्हत्या. नंदिनीला कळलं, की आपण आता गप्प राहिलो तर हे असंच राहील. आई कुणालाही सांगणार नाहीत. वाल्डॉर्फमध्ये व्हिसाचं लोक नंदिनीलाच विचारत राहतील. किती सोपं होतं!

"आईंची चूक नाही," ती म्हणाली. आवाज ऑफिसचा नव्हता. "व्हिसा फक्त जर्मनीचा आहे असं मी त्यांना सांगितलं. मला माहीत होतं की तो चालतो. आणि काका येत नाहीत ते ह्याच्यामुळे, हे मला फ्लॉरेन्सलाच कळलं होतं. क्षितिजाबरोबर व्हेरोनाला येता आलं असतं दोघांना. तेव्हाही मी बोलले नाही."

स्वरूपा तिच्याकडे अशी बघत होती, जणू दार चुकून भलत्याच माणसाला उघडलं होतं.

पद्माकरकाकाच शेवटी बोलले, आणि नंदिनीशी नाही. ते मनोरमाबाईंकडे बघत होते आणि काहीतरी उशिरा लक्षात आल्यासारखं म्हणाले, "अहो बाई, पण मग तुम्हीही येऊ शकला असतात की! दोघं हळूहळू चढलो असतो त्या पायऱ्या. तुम्ही मला दाखवलं असतं सगळं."

आईंनी मान वर केली. इतका वेळ न आलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांत आता आलं.

"तुमचं जाणं चुकून राहिलं, पद्माकरराव," त्या म्हणाल्या. "माझं चुकून नाही राहिलं."

कुणी चहाचं विचारलं नाही. दोघी परत निघाल्या. दुपार उलटून गेली होती आणि गल्लीत सकाळचं बर्फ गोठून काचेसारखं झालं होतं. आईंचा पाय सरकला. नंदिनीने हात पुढे केला, आणि त्यांनी तो धरला, घट्ट, पडायची भीती असलेलं माणूस धरतं तसा. नंदिनीला रडू कोसळलं. "आई, मला..." एवढंच ती म्हणू शकली.

"खाली बघून चाल," आई म्हणाल्या.

कोपऱ्यावर मीठ टाकून साफ केलेला फूटपाथ लागला. आईंनी एक पाऊल टाकून पाहिलं. पाय घसरत नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी हात सोडला आणि घर येईपर्यंत पुढे एकट्याच चालत गेल्या.